२७ इंची ४के मॉनिटर: आधी अक्षरं तपासा, मग गेम

४के मॉनिटर घरी आला की बहुतेक जण पहिल्यांदा डोंगर-समुद्राचा एखादा झगमगीत व्हिडिओ लावतात. तो छान दिसतो, पण त्यावरून मॉनिटरबद्दल काहीच कळत नाही, कारण चांगल्या व्हिडिओवर मध्यम प्रतीचं पॅनेलही उठून दिसतं. दिवसा आठ तास काम आणि रात्री दोन तास गेम असं ज्याचं रोजचं वेळापत्रक असणार आहे, त्या मॉनिटरची परीक्षा पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांपासून सुरू करावी. ४केचा सगळ्यात मोठा फायदा अक्षरांना होतो आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत गेमला मोजावी लागते. तपासणीचा सगळा क्रम यावरूनच ठरतो.

इथे धरला आहे तो २७ इंची, ३८४० × २१६० पिक्सेलचा, १४४ ते १६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र ताजं करणारा) आयपीएस मॉनिटर. आयपीएस हा एलसीडी पॅनेलचाच एक प्रकार. एलजीचा २०२१ सालचा २७जीपी९५० हा या वर्गातला ओळखीचा नमुना. आता तसे मॉनिटर बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं कोणत्याही कंपनीच्या मॉनिटरला लागू पडतं.

आधी थोडी आकडेमोड. निरोगी नजर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत ६/६, साधारण एका कलेएवढा तपशील वेगळा ओळखते. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. डोळे पडद्यापासून ६० सेंटीमीटरवर असतील तर ही कला ०.१७५ मिलिमीटरची होते. २७ इंची ४के पडद्यावर एक पिक्सेल ०.१५५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्या मर्यादेच्या आत. त्याच आकाराच्या १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेलच्या) पडद्यावर तो ०.२३३ मिलिमीटर भरतो, म्हणजे पिक्सेल दिसेनासे व्हायला ८० सेंटीमीटर मागे बसावं लागेल. ३२ इंची ४के घेतला तर पिक्सेल सुमारे ०.१८ मिलिमीटरचा होतो. तोही चांगलाच, पण त्यासाठी ६५ ते ७० सेंटीमीटर अंतर हवं.

आपल्याकडच्या पुष्कळ टेबलांची खोली दोन फूट, म्हणजे जेमतेम ६० सेंटीमीटर असते. त्यात मॉनिटरचा स्टँड मागच्या भिंतीपासून वीसेक सेंटीमीटर खाऊन टाकतो, आणि ३२ इंची पडदा मग नाकासमोर येतो. अशा टेबलाला २७ इंचच बरा. किंवा मॉनिटरच्या पाठीवरच्या १०० × १०० मिलिमीटरच्या वेसा (स्क्रूच्या प्रमाणित) भोकांवर बसणारा हात, म्हणजे स्टँडऐवजीचा मॉनिटर-आर्म, लावून पडदा भिंतीला टेकवा. हात घेताना स्टँड काढल्यानंतरचं मॉनिटरचं वजन पाहा, कारण हाताची वजनमर्यादा त्याच वजनाशी ताडायची असते.

मराठी मजकुराची कसोटी

नोटपॅड किंवा वर्ड उघडा, साधा फाँट घ्या (विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी), आकार ११ ठेवा, झूम १०० टक्के, आणि हे शब्द टंकित करा: राष्ट्र, उद्ध्वस्त, द्वंद्व, विद्या, वाङ्मय, हृदय, कर्तृत्व, वाऱ्यावर, घन, धन, भात, मात.

आता नेहमीच्या अंतरावरून, पुढे न वाकता, पाहा. ‘राष्ट्र’मधल्या ट खालची र ची खूण दोन वेगळ्या तिरप्या रेघांची दिसते की एक काळा डाग दिसतो? ‘वाङ्मय’मधल्या ङ चा टिंब अंगापासून सुटा आहे का? ‘घन’ आणि ‘धन’, ‘भात’ आणि ‘मात’ यांतला फरक शिरोरेषेतल्या फटीवरून लगेच कळतो की शब्द वाचून अंदाजाने कळतो? ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ऱ्य नीट वळलेला आहे का? शेवटी शिरोरेषा पाहा. ती ओळभर एकसारख्या जाडीची हवी, कुठे काळी आणि कुठे करडी नको.

रोमन लिपीपेक्षा देवनागरीला पिक्सेल जास्त लागतात, आणि त्याचं कारण सरळ आहे. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार. एवढ्यांना जागा दिल्यावर मधल्या मूळ अक्षराला फाँटच्या चौकटीतला लहानसा पट्टाच उरतो. २७ इंची १४४०पी पडद्यावर १०० टक्के स्केलिंगला (स्केलिंग म्हणजे अक्षरं-चिन्हं किती पट मोठी दाखवायची ते माप) ११ पॉइंटची चौकट सुमारे १५ पिक्सेल उंच असते. ४केवर १५० टक्के स्केलिंगला तीच चौकट २२ पिक्सेलची होते. डोळ्यांना दिसणारी उंची दोन्हीकडे तेवढीच, साधारण ३.४ मिलिमीटर, पण अक्षर घडवायला सव्वादोन पट ठिपके मिळतात. जोडाक्षरं सुटी होतात ती याच ठिपक्यांमुळे. इंग्रजी मजकूर वाचून १४४०पी पुरतं असं म्हणणाऱ्याचं त्याच्यापुरतं बरोबर असेल. दिवसभर मराठी लिहिणाऱ्या-तपासणाऱ्याने मात्र ही चाचणी स्वतः करून पाहावी.

अक्षरं अंधुक दिसली तर लगेच पॅनेलला दोष देऊ नका. विंडोजमध्ये रेझोल्यूशन ३८४० × २१६० आहे ना, आणि स्केलिंग १५० टक्के आहे ना, हे पाहा. मग स्टार्टमध्ये क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा नितळ करणारी विंडोजची सोय) शोधून त्याची पाच पायऱ्यांची जुळणी नव्या पडद्यावर पुन्हा करा. एवढं करूनही एखादाच प्रोग्रॅम धुरकट दिसत असेल, तर तो प्रोग्रॅम जुना आहे. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर, पेजमेकरच्या काळातली डीटीपीची साधनं यांना स्केलिंग समजत नाही. विंडोज त्यांचं चित्र छोटं काढून ताणतं. उपाय असा: प्रोग्रॅमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि खालच्या ओव्हरराइडच्या चौकटीत खूण करून आधी ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडून पाहा. त्याने भागलं नाही तर ‘ॲप्लिकेशन’. या दुसऱ्या पर्यायात अक्षरं धारदार होतात, पण बटणं मुंगीएवढी होण्याची शक्यता असते.

मॅकवाल्यांसाठी वेगळी गोष्ट आहे. २७ इंची ४केवर ‘१४४०पीसारखं दिसणारं’ माप निवडलं की मॅकओएस आतल्या आत ५१२० × २८८० चं चित्र काढतं आणि ते ४केमध्ये दाबून बसवतं. बारीक रेषा किंचित मऊ होतात आणि ग्राफिक्सवर थोडा भार पडतो. बहुतेकांना ते खटकत नाही, पण जाळीदार नक्षी किंवा एका पिक्सेलच्या रेषांवर काम असेल तर जाणवतं.

ओलेड पॅनेलचा (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) विचार असेल तर हीच चाचणी जास्त बारकाईने करा. बहुतेक ओलेडमध्ये लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीच्या एलसीडीसारखी सरळ पट्ट्यांची नसते, म्हणून शिरोरेषेच्या वर किंवा खाली हलकी रंगीत किनार दिसू शकते. पिक्सेल जितके दाट तितकी ती कमी जाणवते. शिवाय दिवसभर एकाच जागी असलेला टास्कबार आणि एक्सेलच्या चौकटी ओलेडवर कायमची छाप सोडण्याचा धोका असतो. आठ तास मजकुराचं काम असेल तर आयपीएसच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

केबल, पोर्ट आणि हरवलेले हर्ट्झ

खोक्यावर १४४ हर्ट्झ लिहिलेलं असतं आणि वापरात ६० किंवा चक्क ३० हर्ट्झच मिळत असतात, तेही महिनोन् महिने कुणाच्या लक्षात न येता. म्हणून मॉनिटर जोडल्याजोडल्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. रिफ्रेश रेट, बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट हे तिन्ही तिथे दिसतात. कलर फॉरमॅटपुढे आरजीबी हवं. तिथे ४:२:२ किंवा ४:२:० दिसलं तर रंगाची माहिती कापली जाते आहे. काळ्यावरची लाल किंवा निळी अक्षरं चिघळल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच.

४के, १४४ हर्ट्झ, ८ बिट रंग या तिघांना मिळून सेकंदाला सुमारे ३१ गिगाबिट एवढी माहिती वाहून न्यावी लागते. डिस्प्लेपोर्ट १.४ ची खरी क्षमता २५.९२ गिगाबिट. मग डीएससी नावाचं दाबतंत्र मध्ये येतं, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही ते यावं लागतं. चित्रात फरक डोळ्यांना दिसत नाही. फुलस्क्रीन गेममधून ऑल्ट-टॅब केल्यावर पडदा क्षणभर काळा होणं हा त्याचा एक ज्ञात त्रास आहे, तो बिघाड समजू नका. डीएससी नकोच असेल तर १२० हर्ट्झवर या. तिथे ८ बिट रंगाला २५.८ गिगाबिट लागतात, म्हणजे अगदी काठावर मावतं.

एचडीएमआयचं दुखणं नावातच आहे. २.० ची खरी क्षमता १४.४ गिगाबिट, म्हणजे ४केवर ६० हर्ट्झ. २.१ ची कमाल नाममात्र क्षमता ४८ गिगाबिट. पण नुसतं ‘२.१’ लिहिलंय म्हणून पूर्ण ४८ मिळतीलच असं नाही, कारण त्या मानकातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. खरेदीआधी माहितीपत्रकात ‘एचडीएमआयवर ४के १२०’ किंवा ‘१४४’ असं स्वच्छ लिहिलेलं शोधा. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ची घ्या, वेष्टणावर क्यूआर कोडचं लेबल असलेली. घरातल्या सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल लावली तर चित्र येतं, पण मध्येच पडदा काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात. पॅनेल बिघडलंय असं वाटून तक्रार करण्याआधी केबल बदलून पाहा. शक्य असेल तर मॉनिटरसोबत आलेलीच वापरा.

एचडीएमआयवर आणखी एक चूक होते. कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून मर्यादित रंगपल्ला पाठवतं, ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. काळा रंग करडा दिसतो, सगळं राख फासल्यासारखं. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा.

लॅपटॉप यूएसबी-सीने जोडणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्या एका केबलमध्ये चार मार्गिका असतात. मॉनिटरच्या यूएसबी हबने वेगवान डेटासाठी दोन घेतल्या की चित्राला दोनच उरतात. लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट जुन्या पिढीचा असेल तर त्या दोन मार्गिकांवर ८.६४ गिगाबिटच जातात, आणि ४के ३० हर्ट्झवर येतं. माउसचा बाण पडद्यावर घसरत-घसरत जातो, ही त्याची खूण. मॉनिटरच्या मेन्यूत यूएसबी-सीसाठी ‘हाय रेझोल्यूशन’ किंवा ‘हाय डेटा स्पीड’ असा पर्याय असेल तर पहिला निवडा. यूएसबी २.० च्या तारा वेगळ्या असल्यामुळे कीबोर्ड, माउस चालूच राहतात, फक्त हबला लावलेली हार्ड डिस्क मंदावते. किती वॉटने चार्ज होतं तेही पाहा. डेलच्या यू२७२३क्यूईसारख्या कामाच्या मॉनिटरवर ९० वॉट मिळतात, पण तो ६० हर्ट्झचा. उलट २७जीपी९५० ला यूएसबी-सीचं चित्रच नाही. दोन्ही हवं असेल तर यादी बरीच आखडते, तेव्हा आपल्याला कोणती केबल खरंच लागते ते आधी ठरवा.

गेम

४केचे पिक्सेल ८३ लाखांच्या आसपास, १४४०पीच्या सव्वादोन पट, १०८०पीच्या चौपट. मधल्या किमतीचं कार्ड नव्या, जड गेममध्ये सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) देणार नाही. खरं खेळणं ६० ते १०० फ्रेमच्या दरम्यान होईल. मॉनिटरच्या गेमिंग-परीक्षेतला हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे.

का, ते सांगतो. एलसीडीतले पिक्सेल रंग बदलायला वेळ घेतात. १४४ हर्ट्झवर एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंद मिळतात, ६० हर्ट्झवर १६.७. पिक्सेलला घाईने ढकलायला ओव्हरड्राइव्ह असतो. मेन्यूत त्याचे नॉर्मल, फास्ट, फास्टर असे टप्पे दिसतात. खोक्यावरचे ‘१ मिलिसेकंद’ बहुधा सगळ्यात वरच्या टप्प्यावरचे असतात, आणि त्या टप्प्यावर पिक्सेल हव्या त्या रंगाच्या पुढे जाऊन परत येतो. हलत्या वस्तूमागे उजळ, कधी गुलाबीसर छटेची किनार दिसते. १४४ हर्ट्झवर योग्य असलेला जोर ७० फ्रेमवर जास्त होतो, कारण बहुतेक मॉनिटर फ्रेमदराप्रमाणे तो जोर बदलत नाहीत.

चाचणी अशी करा. ब्राउझरमध्ये टेस्ट यूएफओची साइट उघडा. पडदा १४४ हर्ट्झवर ठेवून ओव्हरड्राइव्हचा प्रत्येक टप्पा पाहा. तिथे सरकणाऱ्या उडत्या तबकडीमागे गडद सावली लांबते का, की उजळ किनार येते? मग विंडोजमधून रिफ्रेश १०० किंवा १२० आणि नंतर ६० करून तेच पुन्हा. नजर तबकडीसोबत फिरवा. एका जागी टक लावून पाहिलं तर काही दिसणार नाही. जो टप्पा ६० ला उजळ किनार देत नाही आणि १४४ ला सावली सहन होईल एवढीच ठेवतो, तो कायम ठेवा. बहुधा तो मधला निघतो.

त्यानंतर बदलता रिफ्रेश, म्हणजे गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचे हर्ट्झ बदलणारं फ्रीसिंक किंवा जी-सिंक. बऱ्याच मॉनिटरांत त्याचा पल्ला ४८ हर्ट्झपासून सुरू होतो. फ्रेम त्याखाली गेल्या की प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते, ४० च्या ८० होतात, आणि चित्र फाटत नाही. वरच्या टोकाला फ्रेमची मर्यादा १४४ ऐवजी १४१ ला बांधा, म्हणजे गेम पल्ल्याच्या बाहेर उडी मारत नाही आणि व्ही-सिंकचा (फ्रेमला पडद्याच्या तालासाठी थांबवणाऱ्या सोयीचा) विलंब मध्ये येत नाही.

कार्ड कमी पडत असेल तर रेझोल्यूशन उतरवण्याआधी डीएलएसएस किंवा एफएसआर वापरा. गेम लहान मापात रेखाटून चित्र हुशारीने मोठं करणारी ही तंत्रं. ४केवर ‘क्वालिटी’ निवडलं की गेम आत २५६० × १४४० मध्ये रेखाटला जातो, ‘परफॉर्मन्स’ला १९२० × १०८०. ४केवर हे दोन्ही चांगले दिसतात, १०८०पी पडद्यावर याच पर्यायांचा चिखल होतो. जुने द्विमितीय गेम १०८०पीमध्ये खेळायचे असतील तर ड्रायव्हरमधलं इंटीजर स्केलिंग चालू करा. एक पिक्सेल बरोबर चार पिक्सेलांवर बसतो आणि कडा स्वच्छ राहतात.

प्लेस्टेशन ५ वर ४के १२० हर्ट्झ आणि बदलता रिफ्रेश हवा असेल तर एचडीएमआय २.१ अनिवार्य आहे. त्याचा बदलता रिफ्रेश फक्त एचडीएमआयच्या स्वतःच्या मानकावर, ४८ ते १२० हर्ट्झमध्ये चालतो. फक्त फ्रीसिंक असलेल्या मॉनिटरवर चालत नाही. एक्सबॉक्स सीरिज एक्सला फ्रीसिंकही चालतं.

उजेड, रंग, एचडीआर

नव्या मॉनिटरची चमक बहुधा घरातल्या खोलीला झेपणार नाही इतकी असते. पांढरा कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर पांढरं पान उघडा. पडदा दिव्यासारखा वाटत असेल तर चमक उतरवा, कागदाशी जुळेपर्यंत. ट्यूबलाइटच्या खोलीत ती १२० निटच्या (निट हे चमकेचं एकक) आसपास येते.

हे मॉनिटर डीसीआय-पी३ या सिनेमाच्या रंगपल्ल्याच्या जवळ जाणारे, विस्तृत रंगांचे असतात. बहुतेक वेबसाइट आणि फोटो मात्र एसआरजीबी या लहान रंगपल्ल्यात असतात, त्यामुळे माणसांचे चेहरे लालसर आणि कुंकू भडक दिसतं. मेन्यूत एसआरजीबी मोड शोधा, आणि त्यात चमक बदलता येते का हे जरूर तपासा. काही मॉनिटर तिथे चमकेला कुलूप लावतात आणि मग तो मोड रात्री निरुपयोगी ठरतो.

एचडीआरसाठी, म्हणजे गडद काळोख आणि लख्ख उजेड एकाच चित्रात दाखवण्यासाठी, या वर्गातला मॉनिटर घेऊ नका. डिस्प्लेएचडीआर ४०० या प्रमाणपत्राला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सक्तीच नाही. २७जीपी९५० ला ६०० चा शिक्का आहे, पण त्याचे कडेने उजळणारे विभाग १६च. काळोख्या दृश्यात उपशीर्षकं आली की उभे पट्टे उजळलेले दिसतात. कामाच्या वेळी एचडीआर बंद ठेवा. विंडोज, ऑल्ट आणि बी या तीन कळा एकत्र दाबल्या की ते चालू-बंद होतं.

परत करण्याची मुदत संपण्याआधी

खोका उघडताना सीलपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा. त्यात अनुक्रमांकाचं लेबल दिसलं पाहिजे. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, रात्री दिवे घालवा, आणि पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच पडदे एकेक करून पाहा. काळ्यावर चमकणारा ठिपका आणि पांढऱ्यावर काळा ठिपका यांचे फोटो ठेवा. कंपन्या ज्या आयएसओ ९२४१-३०७ चा आधार घेतात, त्यात सदोष पिक्सेल दर दहा लाखांमागे मोजतात. ८३ लाख पिक्सेलांच्या पडद्यावर त्यामुळे एखाद-दुसऱ्या ठिपक्यावर वॉरंटीचा दावा मान्य होईलच असं नाही. विक्रेत्याच्या सात-दहा दिवसांच्या मुदतीत मात्र बदली मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.

काळ्या पडद्यावर कोपऱ्यांत उजेड दिसला तर डोकं डावी-उजवीकडे हलवा आणि थोडं मागे सरका. उजेडाची जागा आणि रंग बदलला तर ती आयपीएसची मूळचीच चकाकी. तो एकाच जागी घट्ट राहिला, कडेपासून आत जीभ काढल्यासारखा, तर ती बॅकलाइटची गळती. गळतीसाठी बदली जरूर मागा. चकाकीसाठी मागू नका, बदलून येणाऱ्या मॉनिटरातही ती असणारच.